सुट्टा, लघवी आणि ब्लॅडर: ओढणाऱ्यांनी काय बघायचं, कसं बघायचं

मागच्या महिन्यात लॅबमध्ये एक पोरगा आला, हिंजवडीला कुठल्यातरी कंपनीत आहे म्हणाला, इन्शुरन्सच्या मेडिकलसाठी. ब्लड घेऊन झालं, युरीनची डबी हातात दिली, बाथरूम तिकडे म्हणून सांगितलं तर जागचा हलेना. मग हळूच म्हणतो, "सर, सिगरेट यात दिसते का हो?" म्हटलं दिसते की. "पण मी कालपासून नाही ओढली." म्हटलं तरी दिसेल. निकोटिनचं शरीरात कोटिनिन होतं आणि ते लघवीतून बाहेर पडतं, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत शेवटच्या सिगरेटनंतर दोन-चार दिवस तर सहज सापडतं, इन्शुरन्सवाले तेच तपासतात. बिचाऱ्याचा चेहराच पडला, प्रीमियम वाढणार म्हणून.

मला मात्र राहवेना. म्हटलं अरे प्रीमियमचं सोड, धूर तू ओढतोस तोंडाने, तो लघवीत कसा आला हा प्रश्न नाही पडला का तुला? नव्हता पडला. मलाही नव्हता पडला, चौदा वर्षं ओढत होतो, लॅबमध्ये दिवसभर लोकांची लघवी तपासायची आणि दर दोन तासांनी खाली टपरीवर. म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, लॅब टेक्निशियन आहे, हे आधीच सांगून टाकतो, औषधं-बिषधं मी सांगणार नाही, पण लघवीचं म्हणाल तर अठरा वर्षं तेच बघतोय.

आधी हा रस्ता समजून घ्या, मग बाकीचं आपोआप कळतं. धूर फुप्फुसात गेला, तिथून रक्तात, रक्त गाळते किडनी, आणि गाळलेली घाण लघवीत. सिगरेटच्या धुरात कॅन्सर करणारी ७० च्या आसपास रसायनं असतात आणि त्यातली बरीचशी अशीच लघवीत उतरतात. आता फुप्फुसातून धूर आत-बाहेर होतो, पण ब्लॅडर, म्हणजे मूत्राशय, ही टाकी आहे हो, लघवी तिथे साठते, दोन तास, तीन तास, रात्री झोपेत सहा-सात तास, आणि तेवढा वेळ ते पाणी ब्लॅडरच्या आतल्या अस्तराला लागून बसलेलं असतं. वीस-तीस वर्षं रोज हेच चाललं तर त्या अस्तराचं काय होत असेल.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती सिगरेटवरून नाही बरं का, रंगाच्या कारखान्यांवरून. जर्मनीत फ्रँकफर्टला लुडविग रेन नावाचे सर्जन होते, त्यांनी १८९५ मध्ये मांडलं की अ‍ॅनिलीनचे रंग बनवणाऱ्या कामगारांना ब्लॅडरमध्ये गाठी होतायत. पुढे कळलं की २-नॅफ्थिलअमिनसारखी रसायनं यामागे आहेत. आणि हेच रसायन, आणि त्याच्याच कुळातली बाकीची, सिगरेटच्या धुरातही असतात. म्हणजे कामगाराला ते कारखान्यात मिळायचं, आपण ते पैसे देऊन विकत घेतो.

आकडा एकच लक्षात ठेवा. ब्लॅडर कॅन्सरच्या साधारण निम्म्या केसेसमागे स्मोकिंग असतं, आणि ओढणाऱ्याला हा धोका न ओढणाऱ्याच्या तीन-चारपट. किडनीच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो, इतका नाही पण वाढतो. प्रोस्टेटचं जरा वेगळं आहे, तिथे ओढणाऱ्यांमध्ये आजार जीवघेणा ठरायचं प्रमाण जास्त दिसतं. बिडीवाले म्हणतात आमची पानाची, नॅचरल, तर असं काही नाही, बिडीत तंबाखू कमी असली तरी ती विझू नये म्हणून सारखे झुरके मारावे लागतात आणि टार, कार्बन मोनॉक्साइड भरपूर मिळतं. लाईट्स ओढतो म्हणणाऱ्यांनाही तेच.

दाजींची गोष्ट, कारण यात सगळ्या चुका आल्यात

आमचे दाजी, ताईचे मिस्टर, भोसरीला कंपनीत होते, रिटायर झाले. आधी बिडी, मग पगार वाढला तशी सिगरेट, रोज दहा तरी, पस्तीसेक वर्षं. एक दिवस सकाळी लघवी लाल झाली. दुखलं नाही, जळजळ नाही, ताप नाही. दुपारी परत नॉर्मल. दाजींनी ठरवलं आदल्या दिवशी बीटाची कोशिंबीर खाल्ली होती त्याचं असेल. ताईला सांगितलंच नाही. तीनेक महिन्यांनी परत झालं, तेव्हा एका डॉक्टरांकडे गेले, त्यांनी इन्फेक्शन म्हणून पाच दिवसांची अँटिबायोटिक दिली, रक्त थांबलं (ते तसंही थांबणारच होतं), दाजी खूश. मला कळलं ते थेट भाऊबीजेला, ओवाळून झाल्यावर, तेही गप्पांच्या ओघात, "अरे तुझ्या लॅबमध्ये ते लाल होतं त्याची टेस्ट करतात का रे?"

मी हातातली करंजी खाली ठेवली. म्हटलं दाजी, किती वेळा झालं? "दोनदा. नाही, तीनदा."

आता यात काय कळायला हवं होतं ते सांगतो. ब्लॅडरच्या गाठीचं सगळ्यात कॉमन लक्षण म्हणजे लघवीतून रक्त जाणं, आणि तेही न दुखता. दुखलं असतं तर माणूस धावत गेला असता, दुखत नाही म्हणूनच अंगावर काढतो. आणि ते येतं, थांबतं, महिनोनमहिने गायब होतं. थांबलं म्हणजे बरं झालं असं अजिबात नाही. तर ओढणाऱ्याने, किंवा आधी ओढत होता आणि सोडली अशाने सुद्धा, एकदा जरी लघवी लाल, गुलाबी किंवा चहाच्या रंगाची दिसली तर युरॉलॉजिस्टला, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरला, दाखवायचं. एकदा जरी. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत म्हणून झालं असेल असं म्हणूनही सोडायचं नाही, तपासायचंच.

बीटाने लघवी लाल होते हे खरं आहे, टीबीच्या रिफाम्पिसिनने नारिंगी होते, बी-कॉम्प्लेक्सने पिवळीधमक होते. पण ते घरी बसून ठरवायचं नाही, त्यासाठी लॅब आहे, मायक्रोस्कोपखाली एका मिनिटात कळतं की रक्तपेशी आहेत का नुसता रंग. युरीन रुटीन ही सगळ्यात स्वस्त टेस्टपैकी एक आहे. आणि दुपारी एक ते चार आमची लॅब उघडी असते, पुण्यात असूनही.

सॅम्पल नीट कसं द्यायचं

हे मी जरा खोलात सांगणार आहे कारण माझं रोजचं डोकं यातच जातं. डबी लॅबमधून किंवा मेडिकलमधून घ्या, दहा-पंधरा रुपयांची गोष्ट आहे. घरची बाटली धुऊन आणू नका. एका काकांनी जॅमच्या बाटलीत आणली होती, शुगर चार प्लस, घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं, मग परत डबीत घेतली तर निल. सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्यायची, मधली धार डबीत घ्यायची, शेवटची परत सोडायची. तास-दीड तासात लॅबमध्ये पोचली पाहिजे, सकाळी आठला घेतलेली दुपारी ऑफिसवरून जाताना दिली तर त्यातल्या पेशी फुटून जातात आणि आम्हाला बघायला काही राहत नाही. बायकांनी पाळीच्या दिवसात देऊ नका. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या दणकून खात असाल तर सांगा, त्याने लघवीत बुडवायच्या स्ट्रिपवर रक्त असूनही निगेटिव्ह दाखवू शकतं, म्हणून नुसती स्ट्रिप नाही, मायक्रोस्कोपी करून घ्या.

रिपोर्टमध्ये दोन ओळी बघायच्या, आरबीसी (लाल रक्तपेशी) आणि पस सेल्स (पूच्या पेशी). आरबीसी पर हाय पॉवर फील्ड, म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणाऱ्या भागात, तीन किंवा जास्त असतील तर ते डोळ्यांना दिसत नसलं तरी रक्त धरतात. पस सेल्स भरपूर असतील तर इन्फेक्शन असू शकतं, कल्चर करतात, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघतात, डॉक्टर औषध देतात, ठीक आहे. पण, आणि इथेच दाजींचं चुकलं, कोर्स संपल्यावर युरीन परत तपासायची. पस गेला आणि आरबीसी तसेच, किंवा कल्चरमध्ये काही वाढलंच नाही, तर दुसरी-तिसरी अँटिबायोटिक खात बसायचं नाही, युरॉलॉजिस्ट गाठायचा. बायकांच्या बाबतीत हे फार होतं, जळजळ आहे म्हणून चार-चार कोर्स होतात, रक्त पाळीचं असेल म्हणून सोडून दिलं जातं, आणि बाई सिगरेट ओढत असेल असं कोणी विचारतच नाही, ती पण सांगत नाही.

सायटॉलॉजी सांगितली तर त्याचं वेगळं आहे. त्यात पेशींचा आकार बघतात, आणि रात्रभर ब्लॅडरमध्ये राहिलेल्या पेशी खराब झालेल्या असतात, म्हणून सकाळची पहिली लघवी नको, दुसरी द्या. बऱ्याचदा तीन दिवसांचे तीन सॅम्पल मागतात, वैतागू नका. आणि सायटॉलॉजी निगेटिव्ह आली म्हणून पेढे वाटू नका, हळू वाढणाऱ्या गाठी त्यात निसटतात.

डॉक्टरांकडे गेल्यावर

पहिलं म्हणजे खरं सांगा. "कधीतरी ओढतो" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय. घरून हिशोब करून जा: रोज किती सिगरेटी भागिले २०, गुणिले किती वर्षं. याला पॅक-इयर म्हणतात. दाजींचं १० भागिले २०, गुणिले ३५, म्हणजे साडेसतरा. डॉक्टर यावरून ठरवतात की नुसती सोनोग्राफी पुरे की पुढे जायचं. बायको शेजारी बसलीये म्हणून अर्धा आकडा सांगाल तर तपासणी पण अर्धीच होईल. आणि कामाचं पण सांगा, रंग, रबर, डाय, केमिकल अशा ठिकाणी काम केलं असेल तर. इकडे एमआयडीसीत वर्षं काढलेले लोक हे सांगायचं हमखास विसरतात.

सोनोग्राफी पोटभर पाणी पिऊन, ब्लॅडर फुल्ल करून करतात, पण छोटी गाठ त्यात सुटू शकते. म्हणून दुर्बीण, म्हणजे सिस्टोस्कोपी. नाव ऐकूनच पुरुष लोक पळतात. मी दाजींबरोबर गेलो होतो, लघवीच्या जागी बधिर करायची जेली घालतात, आणि लवचिक नळी असेल तर पाच-दहा मिनिटांचं काम. नंतर एक-दोन दिवस लघवीला जळजळतं, पाणी पीत राहायचं. दाजी बाहेर येऊन म्हणाले, "दाढेपेक्षा बरं रे."

दोन सेंटिमीटरची गाठ निघाली. दुर्बिणीतूनच खरवडून काढली, बायॉप्सीत ब्लॅडरच्या स्नायूपर्यंत गेली नव्हती, नशीब. मग बीसीजी. हो, तीच टीबीची, लहानपणी दंडावर टोचतात ती. ती नळीतून ब्लॅडरमध्ये सोडतात, आठवड्याला एक असे सहा डोस, शरीराची प्रतिकारशक्ती तिथे जागी करायची म्हणून. १९७६ पासून हा उपचार माहीत आहे, आणि गंमत म्हणजे ब्लॅडरसाठीची ही बीसीजी आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये पण बनते. औषध दोन तास आत धरून ठेवायचं, मग बसूनच लघवी करायची, उडू नये म्हणून, आणि सहा तास दर वेळी कमोडमध्ये ब्लीच ओतून पंधरा मिनिटं थांबून फ्लश. ताईने संडासच्या दारावर घड्याळ लटकवलं होतं.

एवढं होऊन दाजी गच्चीवर सापडले, टाकीमागे, हातात सिगरेट. कॅन्सर तर काढला की, आता काय, असं म्हणणं. पण ओढत राहिलं तर तो परत यायची शक्यता वाढते, आणि ब्लॅडरचा कॅन्सर आधीच परत-परत येण्याबद्दल बदनाम आहे.

कॅन्सरशिवाय

तरुण पोरांना कॅन्सर लांबचा वाटतो, तर त्यांच्यासाठी. लिंगाला ताठरता येते ती रक्त भरण्याने, आणि तिथल्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या. हृदयाच्या असतात तीन-चारच्या. धुराने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड कमी होतं, आणि बारीक नळी आधी त्रास देते हे प्लंबरला पण माहितीये. म्हणून तिशी-चाळिशीत हा प्रॉब्लेम आला तर मेडिकलमधून गुपचूप गोळी आणण्याआधी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि हृदय तपासा, बऱ्याच जणांना हृदयाचा त्रास काही वर्षांनी मागून येतो.

मूल होत नाही म्हणून येणारी जोडपी बघतो. बाईच्या पंधरा टेस्ट झालेल्या असतात, नवरोबांची सीमेन टेस्ट सगळ्यात शेवटी. स्मोकिंगने शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार तिन्हीवर परिणाम होतो, आतल्या डीएनएवर पण. पण इथे चांगली बातमी आहे, नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणजे आज सोडली तर तीन महिन्यांनी टेस्ट रिपीट करण्यात अर्थ आहे, आठवड्याभरात नाही.

बाकी सारखं लघवीला पळावं लागणं ओढणाऱ्यांत जास्त, आणि जुना खोकला असेल तर खोकताना थेंब-थेंब होणं, विशेषतः बायकांत.

आणि मळणारे. महाराष्ट्रात ओढण्यापेक्षा तंबाखू खाणारे कितीतरी जास्त, २०१६-१७ च्या सर्व्हेत २६.६ टक्के मोठी माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारी निघाली आणि त्यातली बहुतेक खाणारी, मिसरी लावणाऱ्या आज्या-मावश्या धरून. ब्लॅडरशी सगळ्यात घट्ट नातं धुराचं आहे हे खरं, पण लिंगाच्या कॅन्सरचा धोका खाण्याच्या तंबाखूनेही वाढतो, आणि निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं ते कुठूनही आलं तरी. त्यामुळे सिगरेट सोडून मळायला लागणं हा काही उपाय नाही.

सोडायची कशी, पुण्यात राहून

पुण्यातला खरा प्रॉब्लेम सिगरेट नाही, चहा आहे. "चल चहा मारून येऊ" म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये. मी चहा नाही सोडला, जागा सोडली. टपरी बंद, बसून प्यायचं अमृततुल्य चालू, जिथे आत ओढता येत नाही. सार्वजनिक ठिकाणी ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे, तिचा असा फायदा करून घ्यायचा.

दुसरं, सुटी सिगरेट घेणं बंद. महाराष्ट्रात २०२० पासून सुटी सिगरेट-बिडी विकायला बंदी आहे, टपरीवर काय चालतं ते सोडा. पण सुटी घेतली की दोन गोष्टी होतात, किती ओढली त्याचा हिशोब राहत नाही आणि पाकीट हातात येत नाही. पाकिटावर क्विटलाइनचा, म्हणजे सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा, नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६, फुकट आहे, तिथे समोरून बोलणारा माणूस असतो. मी सुरुवातीला लाजलो, मग केला, त्यांनी तारीख ठरवायला लावली आणि नंतर परत फोन करून विचारलं पण.

निकोटिन गम बहुतेक लोक चुकीचा खातात आणि मग म्हणतात काही उपयोग नाही. तो च्युइंग गमसारखा चघळत नाही राहायचा. चार-पाच वेळा चावायचा, जीभ चुणचुणली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चुणचुण गेली की परत चावायचा, साधारण अर्धा तास. चहा-कॉफी-कोल्ड्रिंकनंतर पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर निकोटिन शोषलंच जात नाही, आणि पुणेकर नेमका चहाबरोबर गम खातो. दोन मिलिग्रॅमचा मिळतो, चारचा पण असतो, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर तुमची सवय जबर आहे, डॉक्टरांना विचारून ठरवा. हार्टचा त्रास असेल, प्रेग्नन्सी असेल तर विचारल्याशिवाय नाही. पॅच असतात, गोळ्या पण असतात, त्या डॉक्टरच देतील. व्हेपच्या, म्हणजे ई-सिगरेटच्या, नादी लागू नका, २०१९ पासून बंदी आहे.

पहिले तीन दिवस वाईट. मी मायक्रोस्कोपवर चिडलो होतो, खरंच. तलफ येते ती काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यात उठून चालायला लागायचं. मी पर्वतीला जायला लागलो, १०३ पायऱ्या, पहिल्या दिवशी तीनदा थांबलो, शेंगदाणे विकणारी आजी म्हणाली बस रे बाळा. दोन ते चार आठवड्यांत चिडचिड उतरते. मध्ये एखादी ओढली गेली तर ये रे माझ्या मागल्या करायचं नाही, पुढची नाही ओढायची, बास.

फायदा किती? ब्लॅडरचा धोका सोडल्यानंतर पहिल्या एक ते चार वर्षांतच ३० टक्क्यांहून जास्त कमी झालेला दिसलाय, पुढे आणखी घटत जातो, पण कधीच न ओढलेल्या माणसाइतका नाही होत. म्हणून मी नऊ वर्षं झाली तरी वर्षातून एकदा माझी स्वतःची डबी भरतो, बाकीच्यांच्या रांगेत ठेवतो आणि नंबर आला की बघतो.

दाजींची तीन महिन्यांनी दुर्बीण असते, पुढची येत्या गुरुवारी आहे. काल फोन आला, सकाळी चहा घेऊन निघालं तर चालेल का म्हणून. विचारून सांगितलं, चालेल म्हणालेत, फक्त ताईच्या हातचा घ्या, कोपऱ्यावरचा नको.